वाणाचा धनी कोण? वर्ध्याचे डॉ. खानखोजे आणि मेक्सिकोचा मका

मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा या जगविख्यात चित्रकाराने १९२० च्या दशकात रंगविलेली भित्तिचित्रे आजही पाहावयास मिळतात. त्यांपैकी एका चित्रात मेजाभोवती निरनिराळ्या थरांतील माणसे जमली असून प्रमुखाच्या जागी बसलेला गृहस्थ हातातील पाव मोडून वाटण्याच्या बेतात आहे. हा गृहस्थ म्हणजे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे होत, असे मानले जाते. क्रांतिकारक म्हणून खानखोजे यांचे नाव मराठी वाचकाला परके नाही. वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्रही लिहिले आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची जी बाजू आज अधिक विचार करावयास लावते, ती बंदुकीची नसून बियाण्याची आहे. सरकारी विद्यालयात पगारी प्राध्यापक म्हणून काम करताना त्यांनी मक्यावर आणि गव्हावर संशोधन केले. अशा संशोधनाचा मालक कोण? संशोधक, त्याची संस्था, तिला पैसा पुरविणारे सरकार, की ज्याच्या शेतात ते बी पडणार तो शेतकरी? खानखोजे यांच्या हयातीतच या प्रश्नाला जगात वेगवेगळी उत्तरे मिळू लागली होती आणि त्यांतील काही उत्तरे ते शिकले त्याच देशात आकाराला आली.

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकातील वर्ध्याचा. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा काढला गेला तो १८६२ मध्ये. त्यानंतर रेल्वे आली, आणि पाठोपाठ कापसाच्या गाठी मुंबईमार्गे मँचेस्टरकडे जाऊ लागल्या. जिल्ह्यातील हिंगणघाटच्या 'बाणी' कापसाचा मोठा लौकिक होता. लांब व तलम धाग्याचा हा वाण कोणा एका शास्त्रज्ञाने तयार केलेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी निवडून, जपून तो टिकविला होता. नाव गावाचे, मालकी कोणाचीच नाही, असा तो प्रकार होता. पुढे सरकी काढल्यावर अधिक रुई देणारे जाडे-भरडे वाण परवडू लागले आणि बाणी मागे पडली. कोणाच्या मालकीचे नसलेले वाण कोणी जतनही करीत नाही, ही त्या कथेची दुसरी बाजू. ती नजरेआड करून चालणार नाही.

वडील वर्ध्यात अर्जनवीस. प्राथमिक शिक्षण तेथेच, पुढचे नागपुरात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दोन भीषण दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तो काळ नेमका त्यांच्या शाळकरी वयाचा. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेला हा तरुण १९०६ च्या सुमारास देश सोडून जपानमार्गे अमेरिकेला गेला. हेतू दुहेरी होता. लष्करी शिक्षण घ्यावयाचे आणि शेतीशास्त्रही शिकावयाचे. त्या पिढीच्या बहुतेक क्रांतिकारकांनी पहिल्याचा ध्यास घेतला. दुसऱ्याचाही तितकाच ध्यास घेणारे खानखोजे विरळाच. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात व टामालपायसच्या लष्करी विद्यालयात त्यांनी काही काळ घालविला. त्यानंतर ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयातून व वॉशिंग्टन राज्याच्या महाविद्यालयातून त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले.

या दोन्ही शेतकी संस्थांचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या संसदेने १८६२ मध्ये कायदा करून राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये उभी केली. १८८७ च्या कायद्याने त्यांना जोडून शेती संशोधन केंद्रे निघाली. पैसा जनतेचा, म्हणून निष्कर्षही जनतेचे, असा तेथला साधा हिशेब होता. संशोधकाने प्रयोग करावा, पुस्तिका काढावी आणि ती शेतकऱ्याने मागावी तेव्हा टपालाने पाठवावी. बियाणेही बहुधा अशाच मार्गाने शेतावर पोहोचे. या हवेत खानखोजे शास्त्रज्ञ म्हणून घडले.

क्रांतिकार्याने मात्र त्यांना प्रयोगशाळेत फार काळ राहू दिले नाही. ओरेगॉनमधील लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांत त्यांची ऊठबस होती. काशीराम, सोहनसिंग भकना यांच्यासमवेत त्यांनी संघटना बांधली. १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला तेव्हा त्याच्या सशस्त्र कारवाईच्या विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. महायुद्ध पेटल्यावर ते तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले. बलुचिस्तानच्या दिशेने भारताच्या सीमेवर धडक मारण्याचा तो बेत होता. पर्सी साइक्सच्या फौजेशी टोळ्यांच्या साथीने झुंज, पकडले जाणे, निसटणे, वेषांतर करून डोंगरी टोळ्यांत दडून राहणे, असा तो सारा थरारक अध्याय आहे. तो अनेकांनी लिहिला आहे, येथे त्याचा विस्तार नको. युद्ध संपल्यावर ते बर्लिनला पोहोचले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदींबरोबर मॉस्कोला जाऊन आले. तेथूनही हाती काही लागले नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर, मायदेशाचे दार बंद असलेला हा माणूस १९२४ मध्ये मेक्सिकोला उतरला.

मेक्सिकोत नुकतीच एक दीर्घ क्रांती होऊन गेली होती. १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावांना परत देण्याचे वचन दिले होते. जमीन मिळू लागली, पण ती कसावयाची कशी हे सांगणारे फारसे कोणी नव्हते. राष्ट्रीय कृषी विद्यालय मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगो येथे, एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात, नुकतेच हलविण्यात आले होते. तेथील प्रार्थनागृहाच्या भिंती रिव्हेरा रंगवीत होता. जमिनीचे शोषण शिकवा, माणसाचे नव्हे, अशा आशयाचे त्या विद्यालयाचे ब्रीद आहे. अमेरिकेतील जुन्या ओळखी कामी आल्या आणि खानखोजे तेथे प्राध्यापक झाले. भारतीय क्रांतिकारकाला परदेशी सरकारने शेतीशास्त्राच्या अध्यापनाचे काम द्यावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

विद्यालयाच्या चार भिंतींत त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. त्यांपैकी एका शाळेला शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो झापाता याचे नाव देण्यात आले. या चळवळीत रिव्हेरा त्यांच्या पाठीशी उभा होता. प्रसिद्ध छायाचित्रकार तिना मोदोत्ती हिने या शाळांची, शेतकऱ्यांची व मक्याच्या कणसांची छायाचित्रे टिपली. सुधारलेल्या शेतीचे ज्ञान ज्याच्या हाती नांगर आहे त्याच्यापर्यंत थेट जावे, त्यासाठी पदवीची वा पैशाची अट नसावी, हे या शाळांचे सूत्र होते. 'मुक्त' हा शब्द त्यांनी उगीच निवडला नव्हता.

संशोधनात त्यांनी सर्वाधिक लक्ष घातले ते मक्यावर. मेक्सिको ही मक्याची जन्मभूमी. मक्याचा रानटी आप्त असलेले तेओसिंते नावाचे गवत तेथे शेताच्या बांधावर उगवते. या गवताचा मक्याशी संकर करून खानखोजे यांनी प्रयोग केले. १९३६ मध्ये त्यांनी 'माइस ग्रानादा' या मक्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. स्पॅनिश भाषेत ग्रानादा म्हणजे डाळिंब. शास्त्रीय नाव देताना त्यांनी कणसाच्या बोटांसारख्या रचनेचा निर्देश केला. गव्हाच्या सुधारणेतही त्यांनी काम केले. या पुस्तिका वाचून कोणीही तो प्रयोग पुन्हा करून पाहावा, अशा रीतीने त्या छापल्या गेल्या. एकदा छापून जाहीर झालेल्या ज्ञानावर नंतर एकस्वाचा हक्क सांगणे अवघड असते. एकस्वाच्या कायद्याची पहिली अटच मुळी नावीन्याची असते. ज्ञान जगासमोर आधी मांडले की ते सर्वांचे होते.

नेमक्या याच वर्षांत अमेरिकेत वारे उलट दिशेने वाहू लागले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांच्या साहाय्याने अन्नातील 'ड' जीवनसत्त्व वाढविण्याची रीत शोधली. या रीतीचे एकस्व सांभाळण्यासाठी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १९२५ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केले. परवान्यांच्या उत्पन्नातून विद्यापीठाच्या संशोधनाला मोठा पैसा मिळाला, हे खरेच. मुडदुसासारखा लहान मुलांचा रोग हटविण्यास या शोधाची मदत झाली, हेही खरे. परंतु विस्कॉन्सिन हा दुधा-लोण्याचा मुलूख. लोण्याशी स्पर्धा करणाऱ्या मार्गारिनच्या कारखानदारांना प्रतिष्ठानने दीर्घकाळ परवाना दिला नाही. मार्गारिन हे गरिबांचे लोणी. म्हणजे सार्वजनिक विद्यापीठात लागलेला शोध गरिबांच्या ताटात पोहोचण्याच्या आड त्याच विद्यापीठाचे एकस्व आले. १९४० च्या दशकात न्यायालयाने ही एकस्वे रद्द ठरविली.

मक्याच्या बाबतीत तर प्रकरण अधिक बोलके आहे. दोन संकर वाणांचा पुन्हा संकर करून भरघोस पीक देणारे बी तयार करण्याची युक्ती कनेक्टिकट येथील सरकारी संशोधन केंद्रात डोनाल्ड जोन्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस काढली. युक्ती सर्वांना खुली होती. मात्र अशा संकरित पिकाचे दाणे पुढील वर्षी पेरले तर पूर्वीचा जोम राहत नाही. शेतकऱ्याला दरवर्षी नवे बी विकत घ्यावेच लागते. एकस्व नसतानाही मालकी राखणारे हे निसर्गाचे कुलूप बियाणे कंपन्यांच्या ध्यानी यायला वेळ लागला नाही. याच शोधाच्या बळावर खासगी कंपन्यांचा प्रचंड व्यवसाय उभा राहिला, पण तो ज्या केंद्रात लागला त्याच्या पदरी फारसे काही पडले नाही. पुढे जोन्स यांनी संकरित बी तयार करताना तुरे खुडण्याची मजुरी वाचविणाऱ्या पद्धतीचे एकस्व १९५६ मध्ये मिळविले आणि ते संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या एका संस्थेच्या स्वाधीन केले. सरकारी पगारावरील शास्त्रज्ञाने एकस्व घ्यावे का, यावरून त्यांच्याच व्यवसायबंधूंनी टीकेची झोड उठविली. कंपन्यांनी मानधन देण्यास नकार दिला, दावे चालले आणि अखेर १९७० च्या सुमारास तडजोड झाली.

जोन्स यांची बाजू अगदीच हलकी नव्हती. सर्वांसाठी खुले ठेवलेले ज्ञान प्रत्यक्षात ज्याच्यापाशी भांडवल आहे त्याच्याच कामी येते, असा त्यांचा अनुभव होता. खानखोजे यांच्या मार्गातील कच्चा दुवा हाच आहे. पुस्तिका काढून मोकळे होणे पुरेसे नसते. खुले ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोहोचविणारी यंत्रणाही हवी. मुक्त शाळांच्या रूपाने ती उभारण्याचा प्रयत्न त्यांनी केला, म्हणूनच त्या शाळा त्यांच्या मक्यापेक्षाही महत्त्वाच्या मानाव्या लागतात.

भारतात या प्रश्नाचा विचारच झाला नव्हता, असे नव्हे. जगदीशचंद्र बोस यांना एकस्वाचा तिटकारा होता. तरीही स्नेह्यांच्या आग्रहाने १९०४ मध्ये त्यांच्या नावे एक अमेरिकन एकस्व निघाले. त्यापासून लाभ उठविण्याची खटपट त्यांनी केली नाही. दुसरे उदाहरण गांधीजींचे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरख्याची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, तो झोपडीत चालावा, एका स्त्रीला आठ तास फारसे श्रम न होता चालविता यावा, तो वीस वर्षे टिकावा, अशा कडक अटी होत्या. त्यांतच एक अट एकस्वाची होती. स्पर्धकाला स्वखर्चाने एकस्व घेण्याची मुभा होती, परंतु बक्षीस हवे असल्यास ते हक्क चरखा संघाच्या स्वाधीन करणे बंधनकारक होते. शोधकाला मोबदला एकदाच, पण भरघोस; आणि शोध मात्र सर्वांचा. हा व्यवहार आजच्या अनेक संस्थांच्या धोरणांपेक्षा स्वच्छ होता, असे म्हणावे लागेल. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही, ही गोष्ट निराळी. पुढे १९३४ पासून गांधीजी वर्ध्यास राहू लागले आणि मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, चुली यांवर प्रयोग सुरू झाले. खानखोजे यांचे जन्मगाव अशा रीतीने खुल्या तंत्रज्ञानाचे केंद्र बनत असताना ते स्वतः मात्र हजारो मैल दूर, परतीची वाट बंद होऊन बसले होते.

१९३६ मध्ये त्यांनी मेक्सिकोतच जेन सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. दोन मुली झाल्या. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला. ब्रिटिशांनी तयार केलेली काळी यादी तोवर कोणी मोडीत काढली नव्हती आणि स्वतंत्र भारताच्या सरकारने त्यांना प्रथम प्रवेशच नाकारला. ज्या स्वातंत्र्यासाठी देश सोडला त्याच स्वातंत्र्याने दारात अडवावे, याहून कडवट अनुभव कोणता? बंदी पुढे उठली. ते नागपुरास येऊन स्थायिक झाले. मेक्सिकोत एका राष्ट्रीय विद्यालयाच्या शेतावर काम केलेल्या या शास्त्रज्ञाच्या अनुभवाचा स्वदेशात व्हावा तसा उपयोग झाला नाही. राजकारणात त्यांनी काही काळ लक्ष घातले, परंतु ते त्यांचे क्षेत्र नव्हते. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोतून सुमारे अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले होते. लेर्मा रोहो आणि सोनोरा या वाणांनी येथील हरितक्रांतीची पायाभरणी केली. हे वाण नॉर्मन बोरलॉग यांच्या चमूचे, खानखोजे यांचे नव्हेत. बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोस गेले तेव्हा त्यांच्या कार्यक्रमाचे ठाणे चापिंगो हेच होते, एवढाच त्यांतला धागा. त्या गव्हावर कोणाचे एकस्व नव्हते. भारतीय शास्त्रज्ञांनी त्यांतून 'कल्याण सोना', 'सोनालिका' असे वाण निवडले आणि शेतकऱ्यांनी ते आपापसांत वाटले. प्रत्येक पोत्यामागे मानधन द्यावे लागले असते, तर त्या दुष्काळी वर्षांत काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

वर्धा जिल्ह्याच्या कापूस उत्पादकाला ही कल्पना करावी लागत नाही. २००२ मध्ये देशात बीटी कापूस आला तो संकरित वाणांतून. जनुकाचे मानधन पाकिटाच्या किमतीत मिसळलेले आणि बी दरवर्षी नवे घ्यावे लागणारे. यावर उतारा म्हणून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने व धारवाडच्या कृषी विद्यापीठाने 'बिकानेरी नरमा' हा सरळ बीटी वाण तयार केला. हा वाण शेतकऱ्याला घरी राखून पुन्हा पेरता येणार होता. २००९ च्या हंगामात तो बाजारात आला आणि लगेच मागेही घ्यावा लागला. त्यात मोन्सॅन्टो कंपनीचे जनुक आढळले. डॉ. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये त्यावर अहवाल दिला. सार्वजनिक संस्थेतील निष्काळजीपणाची किंमत बांधावरच्या माणसाने मोजली. बियाणे सार्वजनिक मालकीचे असावे असे म्हणणाऱ्यांनी सार्वजनिक प्रयोगशाळेकडून चोख कामाची अपेक्षाही तितक्याच आग्रहाने करावयास हवी.

अमेरिकेने १९८० मध्ये बाय-डोल कायदा करून सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेऊ दिली. त्या धर्तीवरचे विधेयक भारतात डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. संशोधकाला उत्पन्नात वाटा मिळावा, ही त्यातील तरतूद रास्त होती. मात्र सार्वजनिक पैशातून मिळालेले ज्ञान परवान्याच्या कुलपात जाईल, हा आक्षेपही तितकाच वजनदार होता. २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले. तेव्हापासून प्रत्येक विद्यापीठ व संशोधन संस्था आपापले धोरण ठरविते. वाणांच्या बाबतीत मात्र देशाने वेगळा मार्ग घेतला आहे. एकस्व कायद्यानुसार बियाणे व वनस्पतींचे वाण हे शोध मानले जात नाहीत. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने पैदासकाराला नोंदणीचा हक्क दिला, त्याच कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा व विकण्याचाही हक्क दिला. अट एवढीच, की ते नाममुद्रेच्या पाकिटात विकू नये.

चापिंगोच्या विद्यापीठात २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.